सायकलीचं बारसं

आटपाट नगर, सात राण्या, सोन्याचा पिंपळ असलं या गोष्टीत काही नाही. एक वाडी आहे, अकरा घरांची. वाडीच्या डोक्यावर हिरवागार डोंगर, पायाशी झुळझुळ ओढा, आणि ओढ्याच्या काठाला एक बाग. बागेचा मालक कोण, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. गोष्टीत एक परी मात्र आहे. आता परी म्हटलं की मला आधी शंका येते, हे मी मोकळेपणानं सांगून टाकतो. इतकी गोड, इतकी चमचमणारी, आणि वर फुकट वरदान देणारी? पण ऐका तर खरं.

वाडीच्या शेवटच्या घरात शेवंता राहायची. सगळे तिला शेवू म्हणायचे. वय वर्षं दहा, दोन चिमुकल्या वेण्या, एक निळा परकर आणि तो धुतला की दुसरा विटका परकर. तिचे आबा बांबूच्या टोपल्या आणि सुपं विणायचे. आई ती डोक्यावर घेऊन बाजाराला जायची. घरात दोन वेळची भाकरी होती, कधी कधी दीड वेळची.

आई मायाळू होती, पण संशयी. दूध पातळ आलं तर म्हणायची, यात पाणी घातलंय. दाट आलं तर म्हणायची, यात पीठ कालवलंय. दारात कावळा ओरडला की इतर लोक खूश होतात, पाहुणे येणार म्हणून. आई विचारात पडायची की हे पाहुणे आता कशाला येतायत.

वाडीतली शाळा होती चौथीपर्यंत, आणि शेवूची चौथी नुकतीच संपली होती. पाचवीची शाळा डोंगराला वळसा घालून दोन कोसांवर, मोठ्या गावात.

"पायी जायचं न्हाई," आई म्हणाली. "वाटंत रान हाय."

"रानात काय हाय?" शेवूनं विचारलं.

"ते मला ठावं न्हाई. म्हनून तर जायचं न्हाई."

शेवूनं पुस्तकं कापडात बांधून फळीवर ठेवली आणि पाण्याला गेली. ओढ्याच्या काठी बसून ती खूप रडली, मग तोंड धुऊन कळशी भरून परत आली. शाळा उघडायला तेव्हा पन्नासेक दिवस होते, आणि ती रोज एकेक दिवस मोजायची.

ओढ्याची वाट त्या बिनमालकाच्या बागेतून जायची. बागेत घाणेरीची लाल-पिवळी झुडपं माजली होती, आणि त्यांच्या मधोमध एक जुईचा वेल उन्हानं मान टाकून उभा होता. शेवू रोज सकाळी कळशीतलं तांब्याभर पाणी त्या वेलाच्या मुळाशी ओतायची आणि पुढं जायची. हळूहळू वेलाला इवली इवली पोपटी पानं फुटली. मग कळ्या आल्या. मग एका सकाळी सगळा वेल पांढऱ्याशुभ्र फुलांनी डवरला, आणि एका पानाआडून कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं, "आज चाळीस दिवस झाले. खरं सांग, तुला काय हवंय?"

शेवूनं पान बाजूला केलं. आत वीतभर उंचीची परी बसली होती. जुईच्या पाकळ्यांचा झगा, चतुराचे निळे-हिरवे पंख, केसांत दवाचे बारीक मणी. अंगाभोवती चंदेरी धूळ भुरभुरत होती. शेवूनं हात जोडले नाहीत की डोळे विस्फारले नाहीत. ती आईचीच लेक होती. तिनं वाकून खाली बघितलं.

"पाय दाखव," ती म्हणाली.

"काय?"

"पाय. उलटे हायत का सुलटे, ते बगू दे. उलटे असले तर मी बोलनार न्हाई."

परीनं झगा जरासा उचलला. पाय सुलटे होते, गुलाबी नखांचे, चिमणे चिमणे. सावलीही होती, जमिनीवर रुप्याच्या टिकलीएवढी.

"बरं," शेवू म्हणाली. "बोल आता."

"आधी तू," परी म्हणाली. तीही काही कमी नव्हती. "याआधी एकानं या वेलाला पाणी घातलं होतं. तिसऱ्या दिवशी तो मुळाशी खणायला लागला. इथं सोन्याचा हंडा आहे म्हणे. तू कशासाठी घालतेस?"

"वेल सुकत हुता."

"एवढंच?"

"एवढंच."

परीनं बराच वेळ तिच्याकडं रोखून बघितलं. "मला हे पटलेलं नाही," ती म्हणाली. "पण नियम आहे. चाळीस दिवस पाणी घालणाऱ्याची एक इच्छा पुरी करावी लागते. माग."

"मला नगं. फुकटचं घेतलं की आई रागावती."

"फुकट कुठं? चाळीस तांबे पाणी दिलंस."

हे मात्र शेवूला पटलं. तिनं नखं कुरतडत विचार केला. "मला पाचवीत जायचंय," ती म्हणाली.

"शाळा उचलून आणता येत नाही."

"मग सायकल दे."

"सायकल? लोक महाल मागतात गं."

"म्हालात बसून शाळंत कशी जाऊ?"

परीला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. तिनं बोट फिरवलं. वेलाची एक लांब फांदी थरथरली. तिची टोकं गोल गोल वळली आणि दोन चाकं झाली. पाकळ्या एकमेकींना बिलगल्या आणि पांढरीशुभ्र दांडी झाली. दवाचे थेंब तारांवर ओळीनं बसले. दोन कळ्या उमलल्या आणि हळदीसारखी पिवळीधम्मक पायडलं झाली. शेवटी दांडीवर एक चांदीची घंटी उगवली, लिंबाएवढी. सकाळच्या उन्हात सगळी सायकल लखलखत होती. शेवूचा ऊर भरून आला. ती तिला हात लावायलाही भीत होती.

"आता नियम," परी म्हणाली. तिनं एक बोट उचललं. "ही आज जन्मली. बाराव्या दिवशी दिवेलागणीच्या आत हिचं बारसं व्हायला हवं. नाहीतर ही पुन्हा जुई होईल." दुसरं बोट. "नाव आत्यानं ठेवायचं, कानात सांगून. तोवर दुसऱ्या कुणी हिला नाव दिलं तर ते त्या दिवसापुरतंच टिकेल, पण तेवढा वेळ ही त्या नावासारखी वागेल." तिसरं बोट. "आणि बारशाच्या वेळी आत्याच्या आणि घरच्यांच्या मनात किंतु नको. किंतु असला तर नाव चिकटत नाही."

शेवूनं घाईघाईनं विचारलं, "आत्याच पायजे? काकू चालंल का? मावशी?"

"बारसं म्हटलं की आत्या आलीच. हा नियम माझा नाही बाई, तुमच्याच घरांतला आहे," परी म्हणाली, आणि पानाआड दिसेनाशी झाली.

शेवूला आत्या होती. आबांची धाकटी बहीण, डोंगरापलीकडच्या वाडीत दिली होती. तिचं नाव धोंडा. तिच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून तिचं नाव धोंडा. आमच्याकडं ही रीतच आहे. घरात मूल जगत नसलं की पुढच्याचं नाव दगडू, धोंडू, केरू असलं काहीतरी ठेवतात. वाईट नजर येते, नाव ऐकते, म्हणते, हा तर दगड, याला काय बघायचं, आणि पुढच्या घरी जाते. आत्या जगली. नाव मात्र तिच्या गळ्यात पडलं ते पडलंच.

तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत ही आत्या माहेरी आली होती, आणि त्याच दिवाळीत आईचा चांदीचा कुंकवाचा करंडा दिसेनासा झाला. आई म्हणाली, घरात आपल्याशिवाय दुसरं होतं कोण. आत्यानं ते ऐकलं. ती पाणीसुद्धा न पिता उठली, आणि उंबऱ्याबाहेर जाऊन म्हणाली, "ज्या दिशी तुमचा माझ्यावर विस्वास बसंल, त्या दिशी येईन." तेव्हापासून ती आली नव्हती. आबा कधी कधी टोपली विणता विणता डोंगराकडं बघत बसायचे.

शेवू सायकल घेऊन घरी आली तेव्हा आई दारातच उभी होती. तिनं सायकलीभोवती एक फेरी मारली. मग दुसरी मारली. दांडी वाजवून बघितली, बसायची गादी हुंगून बघितली, आणि खाली वाकून कुणाचं नाव कोरलंय का तेही बघितलं.

"कुठनं आनलीस?"

"परीनं दिली."

"परीनं. आन् बदल्यात काय मागितलं?"

"बारसं."

एवढंसंच मागितलं, म्हणजे यात काहीतरी गोम आहे अशी आईची खात्री पटली. ती अकराही घरं फिरून आली, कुणाची सायकल हरवलीय का विचारत. कुणाची हरवली नव्हती. तरी तिचा जीव खाली पडला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ती बागेतही जाऊन आली आणि झुडूप न् झुडूप बघून आली. हे तिनं कुणाला सांगितलं नाही, पण घाणेरीचे काटे तिच्या पदराला चिकटले होते, आणि शेवूनं ते बघितले. आईला आपलंही खरं वाटत नाही, याचं तिला फार वाईट वाटलं.

सकाळी शेजारच्या हौसाकाकू सायकल बघायला आल्या. "चांगली हाय हो," त्या म्हणाल्या. "झक्क हाय. नशीब काढलं पोरीनं."

आईच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. नवीकोरी वस्तू, आणि त्यात हौसाकाकूंची नजर. तिनं घाईघाईनं दांडीला लिंबू-मिरची बांधली, मागं जुनी वहाण लटकवली आणि म्हणाली, "चांगली कसली? दगडी हाय नुसती. नावच दगडी हाय तिचं."

सायकल तिथंच जमिनीत चार बोटं रुतली.

आबांनी ओढली, हलली नाही. आई आणि हौसाकाकूंनी मागून रेटली, हलली नाही. कुणीतरी बैल आणले. बैलांनी एकदा ओढून बघितलं आणि मग ते चक्क खाली बसले. दिवसभर ती पांढरीशुभ्र सायकल अंगणात धोंड होऊन उभी होती. संध्याकाळी दिवे लागले तशी ती अलगद वर आली.

"बगितलंस?" आई कुजबुजली. "करनी हाय ही."

"करनी न्हाई. तू नाव ठेवलंस तशी वागली," शेवू म्हणाली. तिला आईचा राग आला होता, आणि ती हसतही होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेवूला वाटलं, आपण तरी चांगलं नाव देऊन बघावं. चांगलं म्हणजे वेगाचं, असं तिला वाटलं. हौसाकाकूंच्या मोठ्या मुलीनं तिला आपल्या जुन्या सायकलीवर अर्धं पायडल मारायला शिकवलं होतं, तेवढ्या जोरावर ती गादीवर चढली आणि म्हणाली, "चल गं वावटळी."

मग काय विचारता. सायकल उठली ती गिरक्या घेतच उठली. पाचोळा उडाला, कोंबड्या उडाल्या, हौसाकाकूंचं वाळत घातलेलं लुगडं उडालं. शेवू दांडीला मिठी मारून बसली होती. ओढा गेला, बाग गेली, डोंगराचा चढ गेला, उतारही गेला. डोंगरापलीकडच्या एका अंगणात लालभडक मिरच्या वाळत होत्या. त्या मिरच्यांभोवती सायकलीनं सात फेऱ्या घेतल्या, मिरच्या आकाशात उधळल्या, आणि एकदम शांत झाली. वावटळच ती, उठली तशी बसली. शेवू मिरच्यांच्या ढिगात पडली आणि शिंकायला लागली.

"कोन हाय गं?" घरातून एक बाई बाहेर आली, डोळ्यांवर हात धरून. तिनं शेवूकडं बघितलं. तीन वर्षांत शेवू वाढली होती, पण आत्यानं ओळखलं. ती पुढं आली नाही. दारातच थांबली.

"तुझ्या आईनं धाडलं?" आत्या म्हणाली. "आता काय हरवलं?"

शेवूला शिंका येत होत्या आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. ते सगळंच मिरच्यांचं नव्हतं. ती उठली, परकर झटकला, आणि मिरच्या गोळा करायला लागली. एकेक मिरची उचलून सुपात टाकता टाकता ती खाली बघूनच बोलली.

"आत्या, त्या दिवाळीला तू न्हायला गेली हुतीस. आईनं सांगितलं म्हनून मी तुझी पिशवी तपासली. त्यात करंडा न्हवता. माझ्यासाठी आनलेल्या बांगड्या हुत्या, हिरव्या. मी पिशवी परत बांधली. तुला सांगितलं न्हाई."

आत्या अंगणात आली आणि दुसऱ्या बाजूनं मिरच्या गोळा करायला बसली.

"मला ठावं हुतं," ती म्हणाली. "गाठ तू उलटी बांधली हुतीस."

मग शेवूनं सगळं सांगितलं. जुई, परी, तीन नियम, दगडी आणि वावटळ. आत्यानं ऐकून घेतलं. तिनं सायकलीच्या पिवळ्या पायडलांवरून हात फिरवला, आणि तिचा चेहरा मऊ झाला. पण तिनं मान हलवली.

"माझा तुझ्यावर राग न्हाई, पोरी. तू ल्हान हुतीस. पन मी तुझ्या आईनं बोलावल्याबिगर येनार न्हाई. आन् तिनं बोलावलं तरी, किंतु मनात ठेवून बोलावलं, तर तुझ्या सायकलीला नाव चिकटायचं न्हाई. मग उपयोग काय?"

वावटळ बसली ती दिवसभर उठलीच नाही. शेवू सायकल हातानं ढकलत डोंगर चढली आणि उतरली. आत्यानं तिच्या परकराच्या ओच्यात दोन तिळाचे लाडू बांधून दिले होते. घरी आल्यावर आईनं एक लाडू उचलला, फोडून बघितला आणि तसाच ठेवला.

"पिशवीत करंडा न्हवता," शेवू म्हणाली. "मी तवाच तुला सांगितलं हुतं."

"दुसरीकडं लपवला आसंल," आई म्हणाली, पण तिचा आवाज नेहमीसारखा ठाम नव्हता.

दिवस सरत गेले. पाचवा, सहावा, सातवा. शेवूनं सायकलीला पुन्हा नाव दिलं नाही, नुसतं "ए बाई" म्हणायची. नवव्या दिवशी दांडीवर एक कोवळं पान फुटलं. दहाव्या दिवशी तारांना हिरवे धागे सुटले. अकराव्या दिवशी मागच्या चाकानं अंगणात मूळ धरलं. घंटी वाजवली तर तिच्यातून टिंग यायच्या ऐवजी जुईचा वास यायचा. तेराव्या दिवशी शाळा उघडणार होती.

त्या अकराव्या दिवशी दुपारी आई सुपात दाणे पाखडत बसली होती. शेवू कळशी घेऊन आली, तिनं तांब्याभर पाणी काढलं, आणि सायकलीच्या मुळाशी ओतलं.

आईचा हात थांबला. "अगं, ती जुई झाली तर तुझी शाळा गेली. आन् तू तिलाच पानी घालतीस?"

"मग काय करू? मूळ फुटलंय. वाळंल न्हाईतर."

"तुझ्या काय कामाची ती?"

"मी कुठं म्हनलं माझ्या कामाची हाय?" शेवू म्हणाली आणि तांब्या पालथा घालून आत गेली.

आई तशीच बसून राहिली. सुपातले दाणे चिमण्यांनी खाल्ले तरी तिनं हाकललं नाही. ज्या पोरीच्या मागं आपण बागेत काटे तुडवत गेलो, खरं बोलते का बघायला, ती पोर ही. आईला स्वतःची इतकी लाज वाटली की तिला ती लपवायलाही जागा सापडेना. मग ती आत गेली, फडक्यात ठेवलेला फुटका लाडू काढला, आणि खाल्ला. चांगला होता.

बाराव्या दिवशी सकाळी आईनं नवं लुगडं नेसलं. कुठं चाललीस, असं आबांनी विचारलं नाही. त्यांना कळलं होतं. त्यांनी नुसती आपल्या हातची सर्वांत चांगली टोपली काढून पुढं केली, नणंदेकडं रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून. शेवू आईबरोबर निघाली. डोंगर चढताना आई एकदा थांबली. शेवूला वाटलं, आता परत फिरते. पण आई फक्त पायातला काटा काढत होती.

आत्या अंगणात मिरच्या पसरत होती. आई कुडापाशी उभी राहिली. तिला ओरडता येईना, हसताही येईना.

"वन्सं," ती म्हणाली. "करंडा सापडलेला न्हाई."

आत्यानं वर बघितलं. "मग?"

"तरी आले."

एक मिरची आत्याच्या हातात तशीच राहिली.

"मी तुमाला घेताना बगितलं न्हवतं," आई म्हणाली. "नुसतं म्हनले. आन् मग तीन वर्सं म्हनतच राहिले. मी चुकले."

"वैनी," आत्या म्हणाली. "सापडला असता आन् मग आली असतीस, तर मी आले नसते."

मग दोघी रडल्या. शेवूला वाटलं, रडणं जरा आवरतं घ्यावं, कारण सूर्य काही थांबणार नव्हता.

तिघी घरी पोचल्या तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. अंगणात सायकल जवळजवळ राहिलीच नव्हती. दांडीवर पानांची दाटी झाली होती, आणि एका चाकाचा पूर्ण वेल झाला होता. आबांनी बांबूची मोठी पाटी आणून तिच्या पुढच्या चाकाखाली सरकवली, तोच पाळणा. हौसाकाकूंनी घुगऱ्या शिजवून आणल्या होत्या. त्यांनी येता येता सायकलीची तारीफ केली, आणि आईनं या वेळी लिंबू-मिरची शोधली नाही.

"काय नाव ठेवनार?" हौसाकाकूंनी आत्याला विचारलं.

"वन्सं ठेवतील ते," आई म्हणाली. पुढचं काहीही न विचारता तिनं एखादी गोष्ट मान्य केली, ती आयुष्यात पहिल्यांदाच.

आत्या वाकली. सायकलीला कान कुठं असतो? घंटीपाशीच असणार. आत्यानं घंटीला तोंड लावलं, "कुर्रर्र" केलं आणि नाव सांगितलं. बायकांनी रीतीप्रमाणं तिच्या पाठीवर धपाटे घातले.

काहीच झालं नाही. आणखी एक पान फुटलं, इतकंच.

सगळ्यांनी आईकडं बघितलं. आई कावरीबावरी झाली. "माझ्या मनात काय न्हाई," ती म्हणाली. "शपथ."

आईचं खरं होतं. किंतु शेवूच्या मनात होता. आत्या वाकली तेव्हा शेवूला वाटलं होतं, हिचं नाव धोंडा, आपण हिला तीन वर्षं दुखावलं, हिनं सूड म्हणून सायकलीचंही नाव धोंडा ठेवलं तर? एवढासा विचार, मोहरीएवढा. पण होता.

"आत्या," शेवू म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "मी हाय ती. मला वाटलं, तू वाईट नाव ठेवशील."

आत्या रागावली नाही. तिनं शेवूचा हात धरून जवळ ओढलं. "जड नाव कसं असतं ते मला म्हाईत हाय, बाळा," ती म्हणाली. "जलमभर वागवलंय. ते मी दुसऱ्याच्या गळ्यात घालीन व्हय?"

शेवूनं तिच्या कमरेला मिठी मारली. डोंगरावर सूर्याची नुसती कड उरली होती. आत्या पुन्हा वाकली, पुन्हा कुर्रर्र, पुन्हा धपाटे. या वेळचे धपाटे जरा जोराचेच होते.

घंटी आपोआप वाजली. टिंग. टिंग. टिंग. पानं सरसर मिटली, मूळ सुटलं, चाकं गोल झाली, आणि चाकाच्या झाकणावर दोन्ही बाजूंनी एकेक काजळी पट्टा उमटला, पंखाच्या आकाराचा. सायकल पाटीतून बाहेर आली ती चालत नाही, टुणटुण उड्या मारत आली. पिवळीधम्मक पायडलं आपोआप फिरत होती.

"साळुंकी," आत्या मोठ्यानं म्हणाली. "साळू म्हना. साळुंकी दिसभर कुठं कुठं हिंडती, पन दिवेलागनीला घरट्यात. रानाला भीत न्हाई, मानसालाबी भीत न्हाई. आन् ती कदी एकटी दिसत न्हाई. हिच्या मागं कुनी बसल्याबिगर हिला करमनार न्हाई, बगा तुमी."

दिवेलागणीला घरट्यात, हे ऐकून आईच्या डोळ्यांत पाणी आलं. रानाची भीती तिला होती ती एवढ्याचसाठी.

तेवढ्यात अंगणातल्या तुळशीवर चंदेरी धूळ भुरभुरली. परी आली होती. आईनं सगळ्यात आधी तिचे पाय बघितले. परीनं न सांगताच झगा उचलून दाखवला.

"नाव चिकटलं," परी शेवूला म्हणाली. "आता ही तुझी. आता तुला हवं ते सगळं मिळालं." ती जराशी थांबली. तिच्या आवाजात अजून थोडी शंका होतीच. "उद्यापासून वेलाला पाणी घालायला तू कशाला येशील?"

परी उत्तराची वाट बघत राहिली नाही. तिच्या पंखांतून आधी निळा, मग हिरवा, मग जुईसारखा पांढरा उजेड निघाला. तो वाढत वाढत सगळ्या अंगणाला भिजवून गेला, कोंबड्या खुराड्यातून बाहेर आल्या, आणि उजेड ओसरला तेव्हा तुळशीपाशी कुणी नव्हतं. नुसता सुगंध होता. आईनं दिवा लावला आणि सगळ्यांनी घुगऱ्या खाल्ल्या.

करंड्याचं विचाराल, तर तो अजून सापडलेला नाही. आता कुणी शोधतही नाही. आत्या दर बाजाराच्या दिवशी साळूच्या मागं बसून माहेरी येते, आणि आई तिच्या हातचा लाडू न फोडता खाते.

शाळेच्या पहिल्या दिवशी शेवू नेहमीपेक्षा लवकर उठली. दप्तर दांडीला अडकवलं, मागच्या गादीवर हौसाकाकूंची धाकटी बसली, आणि साळू टुणटुण करत निघाली. ओढ्यापाशी शेवूनं सायकल थांबवली. दप्तरातून तांब्या काढला, पाणी भरलं, बागेत गेली आणि जुईच्या मुळाशी ओतलं. बागेत दुसरं कुणी नव्हतं. वेलावर एकही फूल नव्हतं. तिनं तांब्या झटकला आणि घंटी वाजवत शाळेच्या वाटेला लागली.

तिची पाठ वळल्यावर एका पानाआड काहीतरी लुकलुकलं म्हणतात. दव असेल, असं मी आधी म्हणालो असतो. आता नाही म्हणत.